एका उघाडीला तीन राखणदार

॥ श्री ॥

धाकटी खार, ता. अलिबाग
६ जानेवारी २०२५

चि. सौ. कल्पिता हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

नाशिकच्या थंडीचं तुझं पत्र पोचलं. आमच्याकडे थंडी पहाटे पाचला येते आणि सातला निघून जाते, चहालासुद्धा थांबत नाही. वालाच्या शेंगा मात्र भरल्या आहेत. परवा खळ्यात पोपटी लावली तेव्हा तुझ्या वहिनीने मडक्यातली पहिली ओंजळ तुझ्या नावाने बाजूला काढली आणि मग मीच खाल्ली.

तुझे कान गेल्यापासून आपण पुन्हा कागदावर आलो, हे मला मनातून आवडतं, रागावू नकोस. मोबाईलवर टाईप करताना मला अजून मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडत बसल्यासारखं वाटतं.

आता मुख्य बातमी. आमच्या प्राप्तीचं लग्न वीस फेब्रुवारीला ठरलं. मुलगा रेवदंड्याचा, माणसं साधी आहेत. अडचण एकच. गोदूबाई गेल्यापासून गावात धवलारीण उरलेली नाही. भटजी तासभर उशिरा आला तरी आपल्या आगऱ्यांच्या लग्नाचं काही अडत नाही, पण लग्नाची गाणी, आपले धवले, म्हणणारी बाई नसेल तर हळद लावायची कशी? तेव्हा मी ठरवलं आहे की आईचेच धवले लावायचे. २००३ साली स्वयंपाकघरात बसून मी तिचे एक्केचाळीस धवले टेपवर भरले होते, ते आपल्या कॉम्प्युटरवर आहेत. टेपांना बुरशी लागली, त्या केव्हाच टाकल्या. म्हणजे आई आता त्या एका पेटीतच आहे.

आणि ती पेटी आजारी आहे. डिसेंबरात ती हळू चालायला लागली. व्हायरस असेल म्हणून फुकटातला चांगला अँटिव्हायरस कोणता, असं मी चार लोकांना विचारलं आणि फसलो. शेजारचा जीवन ट्रकांचा हिशोब ठेवतो, त्याने निळ्या ढालीचा आणून दिला. दिपेश, आपल्या काकांचा नातू, त्याने हिरव्या घुबडाचा बसवून दिला. एकाचा ठेवून दुसऱ्याचा काढला तर दुसऱ्याच्या घराला वाईट वाटणार. उधाणाला घरटी एक माणूस बांधावर यायचा आणि बाबा कोणालाही माघारी पाठवत नसत, हे आठवून मी दोन्ही ठेवले. मग एक दिवस स्क्रीनवर आपोआप एक वाघ आला, मी पण फुकट आहे म्हणाला. एक जीवनच्या घरचा, एक दिपेशच्या, मग हा आपल्या घरचा म्हणून तोही घेतला.

आता पेटी सुरू व्हायला दोन कप चहा लागतात. ढाल म्हणते घुबड चोर आहे, घुबड म्हणतं ढाल चोर आहे, आणि वाघ दर दहा मिनिटांनी डरकाळी फोडतो. तू अख्खं ग्रंथालय कॉम्प्युटरवर चढवलंस. या तिघांत मुकादम कोणाला करायचं तेवढं कळव.

अमिषाला आणि रावांना आशीर्वाद. आठवण काढत जा, आम्ही काढतोच.

तुझा,
दादा

॥ श्री ॥

नाशिक
१३ जानेवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग घाबरले. सोबत तिळगूळ पाठवते आहे, तो आधी खा, कारण पुढे सगळं कडू आहे.

दादा, तिघांत मुकादम नेमायचा नसतो. कॉम्प्युटरला राखणदार एकच हवा. प्रत्येकाला वाटतं की प्रत्येक फाईल आपणच उघडून तपासावी. तिघांनी एकाच वेळी एकच फाईल धरली की पेटी जागेवर बसते. तुला बांध आठवला, ते बरोबर. पण अर्धाच आठवला. चिखलाची ढेकळं टाकायला, खेकड्यांची बिळं बुजवायला घरटी माणूस यायचा. बांधातल्या पाण्याच्या दाराला, उघाडीच्या फळीला मात्र बाबांशिवाय कोणी हात लावायचा नाही. आणि का लावायचा नाही, हे तू विसरलास? त्या वर्षी बाबा तापाने आडवे होते, म्हणून उघाडी काकांकडे दिली होती. भर दुपारच्या भरतीला बाबाही उठून गेले. काकांना वाटलं बाबांनी फळी टाकली, बाबांना वाटलं काकांनी टाकली. खारं पाणी शेतात शिरलं आणि दोन वर्षं भात झालं नाही. तू बारा वर्षांचा होतास, मी आठ. आईने त्या दोन वर्षांत जितके धवले म्हटले तितके पुढे कधी म्हटले नसतील, कारण लग्नघरचा शिधा तेवढाच घरात यायचा.

तेव्हा असं कर. सगळ्यात आधी आईचे धवले पेन ड्राईव्हवर उतरवून ठेव. मग सेटिंगमधल्या यादीतून ढाल काढ, घुबड काढ. दोन्ही चांगलेच आहेत, जीवनला आणि दिपेशला तसं सांग, त्यांची घरं रागावणार नाहीत. तुझ्या विंडोजबरोबर त्याचा स्वतःचा राखणदार आलेला आहे, फुकटच. बाकीचे आले की तो मुकाट्याने बाजूला होतो, आणि ते गेले की पुन्हा कामाला लागतो. घरी चार पत्रं लिहिणाऱ्या आणि बातम्या बघणाऱ्या माणसाला तो पुरतो, फक्त अपडेट आला की नंतर बघू म्हणू नकोस. आणि वाघ हा राखणदार नाहीच. जो न बोलावता दारात येऊन ओरडतो आणि घरात चोर शिरल्याचं सांगतो, तोच बहुतेक चोर असतो. त्याच्या कुठल्याही प्रश्नाला हो म्हणू नकोस.

आता पुन्हा तेच मागते. पेन ड्राईव्हवर उतरवशील तेव्हा एक प्रत मला दे. आई गेल्यापासून एकोणीस वर्षं मागते आहे. कधी तुझं नेट हळू असतं, कधी माझ्या पेन ड्राईव्हमधून व्हायरस येईल म्हणतोस. मला ऐकू येणार नाही, ठाऊक आहे. कानातलं यंत्र लावलं की गाणं म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखं होतं. तरी असू दे माझ्या कपाटात. देव्हाऱ्यातल्या टाकांचा आवाज कोणी ऐकतं का?

आईने मला कधी धवले शिकवले नाहीत. नऊ वर्षांची असताना मांडवाच्या दारात बसून ऐकत होते, तर सगळ्या बायकांसमोर तिने मला उठवलं, तुझं इथे काम नाही, पुस्तक घे म्हणाली. माझा गळा तिला आवडला नसणार. तेव्हापासून मी कधी गायले नाही. माझी अमिषासुद्धा अंगाईऐवजी रेडिओवर झोपली. हे आज का लिहिलं कोण जाणे, संक्रांतीचं गोड बोलायचं सोडून.

वहिनीला नमस्कार, प्राप्तीला पोटभर आशीर्वाद. मला विसरणं जमणार नाही तुला, तरी सांगून ठेवते.

तुझी,
कल्पी

॥ श्री ॥

धाकटी खार
२१ जानेवारी २०२५

चि. सौ. कल्पितास,
आशीर्वाद.

तिळगूळ पोचला. पत्र पोचलं अठरा तारखेला. चार दिवस आधी पोचलं असतं तर, असं सारखं मनात येतं.

तू सांगितलंस तसं ढाल आणि घुबड काढले. जीवनच्या दारातून दोनदा परत आलो, तिसऱ्यांदा सांगितलं तर तो हसला, म्हणाला, दिनाकाका, मी पन ती ढाल कवाच कारली, माज्या ट्रकवाल्या पोरानं तेच सांगितलं. घरचा राखणदार त्याचा तो कामावर आला. वाघ मात्र निघेना. यादीत नाव नाही आणि स्क्रीनवर हजर. तो बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होता, तो मी दिला नाही, एवढी अक्कल जेट्टीवर बावीस वर्षं बसून आली आहे. शेवटी दिपेशने विंडोजची ती ऑफलाइन तपासणी लावली. पेटी बंद होऊन पुन्हा उठली, पाऊण तास चाचपडली, आणि वाघ गेला. आता ती लग्नातल्या करवलीसारखी चटचट चालते आहे.

पण कल्पी, वाघ रिकाम्या हाताने गेला नाही. संक्रांतीच्या दिवशी त्याने विचारलं होतं, पेटी भरली आहे, बरीच वर्षं न उघडलेलं जुनं सामान काढू का. मांडव्याला दर मार्चला आम्ही जुनी तिकीटबुकं काढून टाकायचो, नियमच होता. मी तितक्याच सहज हो दाबलं. नऊ धवले गेले. दिपेशने कचऱ्याच्या डब्यात पाहिलं, आणखी काय काय करून पाहिलं, मिळाले नाहीत.

कोणते नऊ, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मुलीला सासरी पाठवतानाचे. बाकीचे मी आईच्या तिथीला दर वर्षी लावतो. ते नऊ मी कधी लावले नाहीत. प्राप्ती जन्मल्यापासून मला ते ऐकवतच नव्हते, नंतर ऐकू, तिच्या लग्नात ऐकू, असं म्हणत राहिलो. न उघडलेलं सामान म्हणून वाघाला नेमके तेच सापडले.

हळद आईच्या आवाजात लागेल. पोर मात्र मुकी निघेल घरातून. तुझी वहिनी रुखवताचं सामान बाहेर काढते आणि पुन्हा तसंच ठेवून देते.

उरलेले बत्तीस पेन ड्राईव्हवर उतरवून ठेवले. थांबतो.

दादा

॥ श्री ॥

नाशिक
२७ जानेवारी २०२५

ती. दादास,
नमस्कार.

वाघाचा मला राग नाही. वाघाने वाघाचं काम केलं. राग तुझा आला आहे आणि तो मी लपवत नाही.

एक प्रत माझ्याकडे असती तर आज ते नऊ धवले असते. मी किती वेळा मागितली, आणि तुझ्या या पत्रातही त्या प्रतीबद्दल एक शब्द नाही. बत्तीस उतरवलेस, कोणासाठी ते लिहिलं नाहीस. नेटचं आणि पेन ड्राईव्हचं कारण मला पुन्हा सांगू नकोस, मी ते काम आयुष्यभर केलं आहे. काय ते खरं लिही. साठीची झाले, सोसेल मला.

वहिनीला माझ्याकडून धीर दे.

कल्पी

॥ श्री ॥

धाकटी खार
३ फेब्रुवारी २०२५

चि. कल्पी,

तीन वेळा कागद फाडला. आता जसं येईल तसं लिहितो.

एक्केचाळिसावा धवला हळदीचा, दर तिथीला लावतो म्हणून तो वाचला; तो संपल्यावर टेप चालूच राहिली होती. आई पाणी प्यायली आणि तुझ्याबद्दल बोलायला लागली. तिने मला सांगितलं, हे कल्पीला ऐकवू नको. म्हणून दिलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. ते एवढं कापून बाकीचं तुला देता आलं असतं.

खरं असं की तुला शाळा मिळाली, नोकरी मिळाली, नाशिक मिळालं. मी जेट्टीवर राहिलो, आईबाबांचं सगळं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण टेप धरून बसलो होतो मी आणि ती बोलली तुझ्याबद्दल. मला वाईट वाटलं, कल्पी. त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला वाटू नये इतकं. ती गेल्यावर मनात आलं की आई निदान एवढी तरी माझ्याकडे एकट्याकडे राहू दे. पुढे तुझे कान गेले, तेव्हा प्रत देऊन उपयोग नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. तू ऐकू शकत होतीस तेव्हा मी ते तुला दिलं नाही. याला माफी मागायची कशी, मला येत नाही.

कॉम्प्युटर आता नीट चालतो आहे. काल दुपारी दार लावून बसलो आणि ती बोलते ते थांबवत थांबवत शब्दाला शब्द लिहून काढलं. सोळा वेळा मागे नेलं. खाली उतरवतो, हा तिचाच आवाज समज.

«कल्पी दारात बसून आयकायची. मला दिसायची. मी बघलंच न्हाय असं करायची. तिचा गला माज्याहून चांगला हाय, हे मला ती चार वर्साची व्हती तवाच कललं. गोदूबाय म्हनाली, हिला बसव बाजूला. मी न्हाय बसवली. धवलारीन सगल्यांच्या लग्नाला हवी, मग तिला बोलवत न्हाय कोन. शिदा घेवून मागच्या दारानं जायाचं. मना पोरीला पुढच्या दारानं जाताना बघायची व्हती. म्हनून उठवली. चारचौघींत उठवली, ते मातुर चुकलं. तिनं मंग कवा गायलंच न्हाय. मी आयकत बसायची, आता गाईल, मंग गाईल. दिना, हे तिला आयकवू नको. सुखात हाय, कशाला रडवायची.»

यापुढे टेप नुसतीच फिरते. स्टोव्हचा आवाज आहे आणि बाबा बाहेरून हाक मारताहेत, भरती आली म्हणून.

पेन ड्राईव्ह सोबत आहे. बत्तीस धवले आणि हे. त्यात व्हायरस नाही, मी दोनदा तपासून घेतलं.

लग्नाला येशील ना? एवढं झाल्यावर लोभ ठेव म्हणायची हिंमत नाही, पण ठेव.

दिनानाथ

॥ श्री ॥

नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी एकटी होते, ते बरं झालं. आईचा कागद मी किती वेळा वाचला ते मोजलं नाही. आई अशीच बोलायची. वाचताना मला ऐकू आलं, हे तुला खोटं वाटेल, पण आलं.

तुझा राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे आलं की तू दर वर्षी तिथीला एकटाच त्या पेटीपुढे बसत होतास, आणि मी इकडे माझा गळा वाईट म्हणून गप्प. दोघांनीही आईला आपापल्या घरात कोंडून ठेवलं होतं. आता ते पुरे.

तुला एक सांगायचं राहिलं आहे, आईलाही कधी सांगितलं नाही. तिने मला मांडवाच्या दारातून उठवलं त्या दिवशी मी पुस्तक घेतलं नाही. घराला वळसा घालून मागे पेंढ्याच्या उडवीआड बसले आणि पोर निघेपर्यंत सगळं ऐकलं. पुढे प्रत्येक लग्नाला तेच केलं, आठवीत जाईपर्यंत. पाठवणीचे नऊच्या नऊ मला माहीत आहेत. काल वहीत उतरवले. सात पुरते आठवले, एकाचं शेवटचं कडवं सापडत नाही आणि एक जेमतेम अर्धा आहे. जागृतीवहिनीच्या माहेरच्या बायकांना विचारून ठेव, एखादीला ते कडवं येत असेल.

मी चौदा तारखेला येते. पाठवणी मी म्हणणार आहे, आणि पुढच्या दारात उभी राहून म्हणणार आहे. कालपासून सराव करते आहे. मला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून गळ्यावर तळहात ठेवून म्हणते, सूर उतरला की हाताला कळतं. तू माझ्याजवळ उभा राहा. फारच भरकटले तर दंडाला हात लाव.

मी म्हणेन ते कॉम्प्युटरवर भरून घे. तोवर त्या पेटीत नवीन काही घालू नकोस, कोणी कितीही फुकट देऊ दे. आणि प्रती तीन काढायच्या. एक तुझी, एक प्राप्तीबरोबर रेवदंड्याला, एक माझ्या कपाटात.

वहिनीला नमस्कार. लोभ ठेव म्हणायची हिंमत नाही लिहिलंस, ते वाक्य खोडून टाक, मग मी गाडीत बसते.

तुझीच,
कल्पी

ता. क. लग्न उरकून मी नाशिकला परतले की भरून घेतलेलं शांतपणे एकदा लाव, आणि आधी आईचा एखादा धवला लाव. माझा तिच्यासारखा झाला की नाही ते मला पत्राने कळव. बरं वाटावं म्हणून लिहू नकोस. खरं लिही, कारण मला ते तुझ्याकडूनच ऐकावं लागणार आहे.